तळाचा तक्ता

निकाल वाचून झाला की माणसं चहाला जातात.
मी जात नाही.
खानापूर कोर्टात वकिलांचा कारकून मी, सव्वीस वर्षं,
माझं काम तिथून पुढं.
हुकूमनाम्याच्या तळाशी एक तक्ता असतो.
कोण जिंकलं ते वर लिहितात,
कितीला, ते खाली.

वादी सटवाप्पा कुंभार.
प्रतिवादी मोनाप्पा कुंभार.
नातं नाही, बांध एक.
भट्टीकडं जाणारी सहा फूट वाट,
आणि तिच्यावर अकरा वर्षं.

तक्ता कानडीत.
खर्च तिकडंही खर्चच,
फक्त शेवटी एक उकार जास्त.
दाव्यावरचा मुद्रांक. वकीलपत्राचं तिकीट.
समन्सचा भत्ता दोनदा,
कारण पहिल्यांदा मोनाप्पानं स्वतःच दार उघडून
बेलिफाला सांगितलं, मोनाप्पा घरात नाही.
टेप घेऊन आलेल्या कमिशनरचं मानधन.
वकील फी नियमात बसते तेवढी,
दिलेली वेगळी, ती सटवाप्पाची बायको सांगेल.

नागव्वा साक्षीला नंदगडहून चारदा आली.
तीनदा तारीख पुढं गेली.
भत्ता एका दिवसाचा धरला,
साक्ष झाली त्या.

आजाच्या काळचा कागद मोडीत होता.
शहापुरात एक म्हातारे ती वाचायचे,
भिंग लावून, ओठ हलवत.
मोडीतून मराठी त्यांनी केलं,
मराठीतून कानडी कोर्टाच्या माणसानं.
दुसऱ्याची पावती होती, जमा धरली.
म्हाताऱ्यांनी नुसतं पान खाल्लं होतं.
पानाची पावती नसते.
मी ती ओळ पेन्सिलीनं लिहिली,
साहेबांनी शाईनं काटली.

एकूण चार हजार आठशे बासष्ट.

सटवाप्पानं आकडा दोनदा विचारला.
मग म्हणाला, एवढंच? खरं सोडायचं नाही.
दरखास्त घातली. जप्तीचं वॉरंट निघालं.
बेलिफ म्हणाला, माल दाखवायला तुम्ही या,
मला काय ठाऊक कोणतं कुणाचं.
म्हणून अकरा वर्षांनी सटवाप्पा
त्याच सहा फुटांवरून चालत
मोनाप्पाच्या उंबऱ्याशी गेला.

चाक? कारागिराचं हत्यार, हात लावायचा नाही.
भांडी, अंथरूण, पांघरूण नाही.
बाईच्या गळ्यातलं तर नाहीच.
बेलिफ एकेक गोष्ट वगळत गेला
आणि घर होतं तसंच राहिलं.
उरलं भिंतीवरचं घड्याळ, बंद पडलेलं,
आणि अंगणात चारशे कौलं,
कच्ची.

कच्च्या कौलांची किंमत काय लिहू,
बेलिफानं विचारलं.
सटवाप्पा खाली वाकला, एक उचललं,
अंगठ्यानं कड दाबून पाहिली.
माती चांगली मळलीय, म्हणाला.
कुणाला म्हणाला, पंचनाम्यात नाही.

हप्ते ठरले. महिन्याला पाचशे.
मोनाप्पा स्वतः आणून देई, वाटेवरून,
सटवाप्पा वहीच्या पानावर पावती फाडून देई.
पहिल्या महिन्यात दारातून.
तिसऱ्यात कट्ट्यावर बसून.
सहाव्यात म्हणे भट्टीच्या लाकडाचा भाव निघाला
आणि पावती द्यायची राहिली,
दुसऱ्या दिवशी सटवाप्पा ती द्यायला गेला.

नऊ हप्ते झाले. दहावा तीनशे बासष्टचा.
मोनाप्पानं तीनशे दिले.
बासष्ट पुढच्या वेळी, म्हणाला.

त्याला दोन वर्षं झाली.
पूर्ण फेड झाली असा अर्ज मी टाइप करून ठेवलाय,
सही नाही.
पगारातून घालू का मीच, असंही एकदा वाटलं,
सटवाप्पानं माझ्याकडं असं बघितलं
की मी फाईल बांधली.

तारखेला साहेब विचारतात, बाकी एष्टु?
बाकी दोन्हीकडं बाकीच.
अरवत्तेरडु, स्वामी.
ते मान वर करतात. बासष्ट रुपये?
मी म्हणतो, हौदु.

मागं बाकावर दोघं शेजारी बसलेले.
मोटारसायकल एकच आणलेली, मोनाप्पाची.
पुढची तारीख लिहून घेतात, नीट,
तंबाखूच्या पुडीवर.

हुकूमनाम्याला बारा वर्षांची मुदत असते.
मी हिशेब केलाय.
अजून बरीच आहे.