हजेरीचा पुरावा

जोखीम भत्ता, दिवसाला तीनशे.
दिवस एकेचाळीस, दोन एप्रिल ते बारा मे.
बारा हजार तीनशे फक्त.
खाली माझा शेरा, लाल शाईत :
'हजेरीचा पुरावा जोडावा.'

फाईल तेव्हापासून माझ्या टेबलावर.
सिव्हिल लाइन्सच्या या खोलीत
कूलरला दोनदा नवा वाळा लागला,
आणि दर सोमवारी दारात येऊन उभी राहिली
बेबीनंदा खोब्रागडे, कंत्राटी परिचर,
चप्पल बाहेर काढून.
नको म्हटलं तरी काढतेच.

"अंगठ्याची मशीन तं तुमीच बंद केली साहेब,
रोग पसरते म्हणून.
मंग आमी कागदावर सही करत होतो.
कागद वार्डातला.
वार्डातलं सारं पिवळ्या पिशवीत जाय, अन् जळे.
कागदबी जळला."

दूध नासलं हे सांगावं, तशा आवाजात.

जळलेल्या कागदासाठी नियम नाही.
मी शोधला होता. खरंच शोधला होता.
त्या एकेचाळीस दिवसांत मी त्रिमूर्तीनगरात,
खिडकीला ओला पडदा लावून घरी होतो.
पगार एक तारखेला, पूर्ण.
माझ्या हजेरीचा पुरावा
कोणी मागितला नाही.

या सोमवारी तिने पिशवीतून काढली
बावीस पानं, पानाला दोन रुपये देऊन केलेली झेरॉक्स.
प्रेतं ताब्यात देण्याची नोंदवही.
दाराबाहेरच्या स्टुलावर असायची,
म्हणून वाचली.
अनुक्रमांक, नाव, वय, वेळ.
शेवटच्या रकान्यात ताबा देणाऱ्यांच्या दोन सह्या.
त्यातली एक तिची,
हातमोज्यातून केलेली, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी वेगळी.

"तारखा मोजा साहेब," ती म्हणाली.
"नावं नका मोजू."

मी नावंच मोजली.
चौदा एप्रिलला सात.
जयंतीच्या रात्री तिच्या गल्लीतल्या निळ्या माळा
तिच्याशिवाय पेटल्या असतील.
वॉर्डातले कूलर तेव्हा बंद ठेवले होते,
बाहेर चव्वेचाळीस, किटच्या आत किती
हे कोणी मोजलं नाही.

तिच्या शेजारची दुसरी सही वामन हेडाऊची.
दोन तारखेपासून रोज.
एकोणीसनंतर ती दिसत नाही.
तेवीसच्या रात्री, दोन वाजून दहा मिनिटांनी,
वामन हेडाऊ, वय अडतीस,
दुसऱ्या रकान्यात.
शेवटच्या रकान्यात त्या ओळीला एकच सही.

"याचा अर्ज?" मी विचारलं.
"बायको उमरेडले गेली, माहेरी.
असा भत्ता असते, हे तिले कोन सांगन?"

मग मी पुन्हा तारखांकडे वळलो,
बोट ठेवत ठेवत खाली आलो,
आणि नऊ मेपाशी बोट थांबलं.
आठनंतर थेट दहा.

"नऊ तारखेला तुम्ही नव्हता?"

ती हसली. दोन उन्हाळ्यांत पहिल्यांदा.
"होतो ना. रातभर होतो.
त्या दिवशी कोनी गेलंच नाही, साहेब.
पहाटे डॉक्टरीनबाईनं साऱ्यायले चहा पाजला."

मी काही बोललो नाही.
माझ्या गप्प राहण्याचा अर्थ तिला पाठ आहे.
"राहू द्या," ती म्हणाली,
"त्या दिवसाचे तीनशे नका देऊ.
तो दिवस चांगला होता."

मी लिहिलं : दिवस चाळीस.
बारा हजार फक्त. पुरावा जोडला.
तिने चप्पल पायात सरकवल्याचा आवाज आला,
मग जिन्यावर काहीच नाही.

कूलरमधलं पाणी संपलं होतं,
तो नुसती गरम हवा फेकत होता.
मी एक कोरा अर्ज ओढला.
हेडाऊ, वामन. दिवस अठरा.
आणि सवयीने हात खाली गेला,
लाल पेन उचललं,
'हजेरीचा' एवढं लिहूनही झालं.

व्हाइटनर कुठे ठेवलं आहे,
आठवत नाही.