वीस वर्षांची वॉरंटी

नेंगने तळघरात गुडघे टेकले,
दांडीला बांधलेला आरसा भट्टीच्या पोटात सरकवला,
टॉर्च मारला आणि म्हणाला, "हे बघा."
केसाएवढी रेघ.
आमच्या कपांना याहून मोठे तडे आहेत,
त्यांतून आम्ही रोज कॉफी पितो.
"कपातून फक्त कॉफी गळते," तो म्हणाला.

पोरगा नम्र आहे. बूट दारात काढून आला,
मोज्याला अंगठ्यापाशी भोक.
गॅसची तोटी बंद केली, लाल चिठ्ठी लावली.
सहा हजार आठशे डॉलर.
जुनी उचलून न्यायचे वेगळे.

लिनियाने बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला:
महिन्याला वाचेल इतका गॅस,
म्हणजे अकराव्या हिवाळ्यात पैसे वसूल.
मी अठ्ठ्याहत्तर. ती शहात्तर.
पेन्सिल अकरावर अडली,
हातचा घ्यायचा राहिल्यासारखी.
"वॉरंटी वीस वर्षांची आहे," नेंग म्हणाला,
आणि आम्ही दोघं इतके हसलो
की त्या बिचाऱ्याला वाटलं, आपलंच काही चुकलं.

टक्सनहून मुलगी म्हणते, विका ते घर,
इकडे जानेवारीतही लिंबं लागतात.

भट्टी आमच्याही आधीची.
दाराच्या पत्र्यावर, आतल्या बाजूने,
आधीच्या मालकाचं वळणदार अक्षर:
फिल्टर बदलला, ऑक्टोबर सत्त्याहत्तर.
फिल्टर बदलला. फिल्टर बदलला.
उणे छत्तीस, पट्टा तुटला, सगळे स्वयंपाकघरात झोपलो.
मग माझं गिचमिड.
आणि मध्ये एकाच हिवाळ्याच्या चार ओळी
लिनियाच्या हातच्या, तारखेसकट, वेळेसकट.
त्या वर्षी मी या घरात राहत नव्हतो.
त्याबद्दल आम्ही बोलत नाही.
नेंगने त्या ओळींवरूनही टॉर्च फिरवला.

रात्री विजेचा छोटा हीटर आमच्या पायांशी,
कोट अंगावर, कोटांवर रजई.
इतकी वर्षं खालून आधी ठक् व्हायचं,
मग हुंकार, मग जाळीतून ऊब,
जळक्या धुळीचा थोडा वास.
आज फक्त डलूथच्या उतारावरून येणारा आवाज,
सरोवरावर बर्फ तडकल्याचा.
"जागा आहेस?"
"हं."
"दुखणं अंगावर काढत होती बिचारी."
भट्टीबद्दलच म्हणाली असेल.
मी तिचे हात माझ्या काखेत घेतले.
बोटं थंडगार, आणि हट्टी.

सकाळी तिनेच फोन लावला.
"जुनीचं दार मात्र नेऊ नका," म्हणाली.
मग आवाज खाली आणून,
भाजीवाल्याशी घासाघीस करावी तशी:
"बारा वर्षांची वॉरंटी असलेली
काही स्वस्तातली मिळेल का?"

नेंग काय म्हणाला, मला ऐकू आलं नाही.
"बरं. मग वीसचीच द्या."

फोन ठेवला
आणि कोट न काढताच
सुरी घेऊन, खिडकीपाशी,
पेन्सिलीला टोक करत बसली.