दुसरा गिअर

मी आधी बोनेटवर तळवा ठेवते.
गार आहे. म्हणजे आम्ही यायच्या आत
कुणी गुपचूप चालू करून ठेवलेली नाही.
तेल्मोला सांगते, पहिलं हे. किंमत मागून.
तो बेकरीत रात्रपाळी करतो, नखांत पीठ,
खिशात नऊशे युरो आणि डोळ्यांत
गाडी केव्हाच घेऊन टाकल्याची घाई.

आमच्या कोविल्यांत सपाट रस्ता औषधालाही नाही.
इथे माणसाआधी क्लच म्हातारा होतो.

अठ्ठ्याण्णवची कोर्सा, कधीकाळी हिरवी.
चाकांवरच्या कमानींना गंज, पण वरवरचा;
गुडघे टेकून खाली पाहिलं, पत्रा शाबूत.
डिपस्टिकवर तेल काळं आहे, दुधाळ नाही.
टायर एका अंगाला बसलेले,
ब्रेकच्या चकत्यांवर तांबूस पापुद्रा.
"उभी होती ही," मी म्हणते.
"दोन वर्षं," आदेलिनू म्हणतो
फाटकापासून, उजवा हात कोटाच्या खिशात.

हँडब्रेक ओढून तिसरा टाकते, क्लच सोडते.
इंजिन धडपडतं, जागीच बंद पडतं.
तेल्मोचा चेहरा उतरतो.
अरे, या परीक्षेत
बंद पडणारीच पास होते.

मग चढावर, दुसरा.
कर्रर्र.
पुन्हा. पुन्हा गाडी दात खाते.
पहिला लोण्यासारखा, तिसरा-चौथा बिनतक्रार,
एकट्या दुसऱ्याशीच कुणाचं तरी वाकडं होतं.

तेव्हा गिअरच्या मुठीकडे नीट पाहते.
चालवणाऱ्याच्या बाजूचे आकडे अजून ठसठशीत.
झिजून गुळगुळीत झालीय ती पलीकडची बाजू,
शेजारी बसणाऱ्याची.
तीस वर्षांत अशी मूठ हाती लागली नव्हती.

मी विचारत नाही. आदेलिनू आपण होऊन सांगतो,
दुखऱ्या दाताला माणूस स्वतःच जीभ लावतो तसा:
"उजवा हात गेला, तेव्हा सगळे म्हणाले, विकून टाक.
इल्दा म्हणाली, पाय आहेत ना?
मग क्लच माझा, गिअर तिचा.
मी म्हणायचो, हं. ती टाकायची.
अकरा वर्षं. बाजार, दवाखाना, एकदा तर थेट समुद्रापर्यंत.
दुसऱ्यावर मात्र भांडणं व्हायची.
तिला घाई, माझा पाय सावकाश."

तेल्मो बुटांकडे बघतो.
"दुसऱ्या गिअरचे दीडशे कमी," मी म्हणते.
काम आहे माझं. वीस युरो मी त्याचेच घेते.
"शंभर," आदेलिनू म्हणतो.
घासाघीस होते,
गिअरइतकी नाही.

शेवटची फेरी तेल्मोची.
आदेलिनू शेजारी, मी मागे, गुडघे हनुवटीशी.
शाळेच्या वळणावर चढ उभा राहतो,
तेल्मो क्लच दाबतो, हात उचलतो,
तोवर म्हाताऱ्याचा डावा हात मुठीवर पोचलेला असतो.
न्यूट्रलला क्षणभर थांबतो,
एखादीचं वाक्य पुरं होऊ द्यावं तसा,
आणि दुसरा पडतो.
आवाज नाही.

हात तिथेच राहतो थोडा वेळ.
खाली कापडगिरणीची बंद धुराडी, धुकं, छपरं.
कुणीच काही बोलत नाही.
वर पोचता पोचता तेल्मो हळूच विचारतो,
"तिसरा मी टाकू?"