डावी पट्टी

फायबरला वाळवी लागत नाही, कंपनीचा माणूस म्हणाला होता.
खरं आहे. एकरुखच्या पाण्यात अकरा वर्षं
ही होडी कुजली नाही, फुगली नाही,
उन्हानं तेवढी पिठूळ झाली,
हात फिरवला की खडूसारखं पांढरं बोटाला येतं.

गेलं ते लाकूड.
काठाच्या पट्ट्या, बसायच्या दोन फळ्या,
मागं इंजिन टांगायचा ठोकळा.
ठोकळ्यात पेचकस टोचून पाहिला,
भिजल्या भाकरीत बोट जावं तसा गेला.

रेवणसिद्ध भोई म्हणाला, सुतार, परत लाकूड कशाला?
ॲल्युमिनियमचा पाइप मारा की.
मारतो, म्हटलं. डिसेंबरात पहाटे चारला
जाळं ओढताना तो धर, आणि मग मला सांग.
तो हसला. त्याच्या तळव्याला ठाऊक होतं,
तिसऱ्या आणि चौथ्या स्क्रूच्या मधे
दोरी घासून घासून
बाळाच्या टाळूसारखा खळगा पडलाय.

स्क्रू लोखंडी. चूक तिथंच झाली होती.
लोखंड गळतं, लाकूड काळं पडतं,
वरून व्हार्निश चकाकत राहतं.
सतरापैकी पाच फिरले.
बाकीच्यांना रात्रभर डिझेल पाजलं,
सकाळी त्यांची डोकी माझ्या हातात आली.

साग मिळाला साखरपेठेत,
भंगारात निघालेल्या मागाचा.
पन्नास वर्षं धोट्याचे धक्के खाल्लेलं लाकूड,
त्याला लाटेचं काय?
रंधा मारला तशी तेलाची काळी साय निघाली,
मग खळीचा आंबूस वास,
मग एकदम मधाचा रंग.

होडीला सरळ रेघ चालत नाही,
मागाला वाकडी चालत नव्हती.
गोणपाट गुंडाळून उकळतं पाणी ओतत राहिलो,
एकेक शिकंजा, एकेक आटा.
पहिली पट्टी तडकली.
त्या दिवशी कुणाशी बोललो नाही.

दुसरीसाठी जुन्या पट्ट्या मापाला मांडल्या
आणि घोळ लक्षात आला.
होडी दोन्हीकडं सारखी नाही,
साच्यातूनच तशी निघालेली.
आता यातली डावी कुठली, उजवी कुठली?
तीस वर्षं हातात पटाशी आहे,
आणि काढताना मी खूण केली नव्हती.

एक पालथी केली.
पोटाला शिसपेन्सिलीची अक्षरं,
रंध्याच्या सालींसारखी गोल गोल,
फायबरला चिकटून कोरडी राहिलेली.
तेलुगू. मला वाचता येईना.

सत्यवती येमूलच्या दारात नेली.
मांडीवर विड्यांचं सूप, बोटात कात्री,
तिनं मान तिरकी केली.
‘एडम. म्हणजे डावी.
खाली लिवलंय, इकडं अर्धं बोट जादा ठेव.’
आणखी?
‘आणखी काय नाही. नाव बी नाही.’

स्वतःसाठी लिहिलं असेल त्यानं, विसरू नये म्हणून.
किंवा नसेलही.
रेवणसिद्धला आठवतं ते इतकंच,
की माणूस उंच होता आणि चहा बशीत पीत नव्हता.
मी इकडं अर्धं बोट जादा ठेवलं.
पट्टी बसली, जशी झाकणावर झाकण बसते.

यावेळी पितळी स्क्रू.
जुनी भोकं राळेनं बुजवली,
नवी स्क्रूपेक्षा केसभर मोठी पाडली,
कारण फायबर आवळलं की तडकतं,
रागीट माणसासारखं, आवाज न करता.

बसवण्याआधी पोटाला लिहिलं: डावी. अर्धं बोट जादा.
शेजारी त्याची अक्षरं, बघून बघून.
सत्यवती म्हणाली, शेपूट उलटं काढलंस.
खोडून नीट काढलं.

रेवणसिद्धनं होडी पाण्यात लोटली,
बसला, आणि त्याचा हात चाचपडत गेला
तिसऱ्या आणि चौथ्या स्क्रूच्या मधे.
माझ्याकडं बघितलं त्यानं.
पडेल, म्हटलं. दोरी ओढत राहा.