अमानत: वाळू, सव्वा किलो

नागपूर स्टेशनच्या अमानती सामानघरात
बाबांनी एकतीस वर्षं काढली.
बल्लारशाच्या खाली कधी उतरले नाहीत,
तरी तामिळ मुलखातली देवळं त्यांना पाठ होती,
वासावरून.

मदुरैची पिशवी कोमेजल्या मोगऱ्याची.
पळणीच्या डब्याला मुंग्यांची रांग,
पंचामृत झाकणातून पाझरलेलं,
तो डबा ते परातीत पाणी घालून मधोमध ठेवत.
चिदंबरम म्हणजे भस्म, शिंक आणणारं.
तिरुवण्णामलैचे लोक मात्र काहीच आणत नसत.
डोंगराला अनवाणी फेरी घालून आलेले,
बाकावर टेकताच झोपत,
आणि बाबा झाडू मारताना
त्या भेगाळ तळव्यांना वळसा घालत.

आमच्या घरात देव नव्हता.
छप्पन्न साली आजोबांनी टोपलीभर देव
नाग नदीत सोडले
आणि टोपली परत आणली, कामाची होती म्हणून.
सामानघरातल्या कॅलेंडरवर एक गोपुर होतं.
बाबा म्हणत, एवढं उंच काहून बांधलं असन?
आपल्यासारख्यानं बाहेरूनच पाहून घ्यावं,
आत येऊ नये, म्हणून.
मग हसत,
आणि कॅलेंडर तिरकं झालं असेल तर सरळ करत.

एका मे महिन्यात ती आली, अलमेलू.
रामेश्वरहून काशीला निघालेली,
नवऱ्याला ऊन लागलं म्हणून मध्येच उतरलेली.
त्याला मेयोत नेलं.
तिनं खिडकीतून एक गाठोडं आत सरकवलं.
काय आहे यात?
मणल, ती म्हणाली. मणल.
बाबांना ऐकू आलं, म्हणलं.
ते पुढच्या वाक्यासाठी थांबून राहिले.
शेवटी तिनं गाठ सोडून दाखवली:
समुद्रकाठची वाळू.
गंगेत सोडायची असते, एका हमालानं सांगितलं,
आणि तिथलं पाणी खाली देवाला न्यायचं.
एवढ्या लांब? बाबांनी विचारलं.
पावती क्रमांक चारशे सतरा.

ती परत आली नाही.
बाबा दोनदा मेयोत जाऊन आले,
वॉर्डातल्या खाटांवर दुसरीच माणसं होती.
मुदत संपली, लिलाव झाला.
छत्र्या गेल्या, ट्रंका गेल्या, फुटका तंबोराही गेला.
वाळूला बोली लागली नाही.
बाबांनी रजिस्टरात लिहिलं, 'किंमत नाही',
आणि गाठोडं सायकलच्या हँडलला अडकवून घरी आणलं.

आईला कोणी सांगितलंच नव्हतं.
तिनं त्या वाळूत फुटाणे भाजले.
रात्रपाळीहून बाबा आले, वास आला, दारातच थांबले.
वाळू तं वाळू असते, आई म्हणाली,
काहून तोंड पाडता?
ते बसले. एक फुटाणा तोंडात टाकला.
मग दुसरा.
मीठ टाकलं का?
नाही, आई म्हणाली.
आम्ही सगळेच थोडा वेळ गप्प खात होतो.

सकाळी त्यांनी चाळणीनं टरफलं काढली,
वाळू किराणेवाल्याच्या काट्यावर नेली.
अर्धा पाव कमी भरली.
रविवारी कामठीच्या पुलाखाली जाऊन
कन्हानची मूठमूठ आणून वजन पुरं केलं.
मालक आला तर, ते म्हणाले, हिशेब बरोबर पाहिजे.

बाबा जाऊन आता नऊ वर्षं.
गाठोडं माझ्या फ्लॅटमध्ये, गॅस सिलिंडरच्या मागे.
रात्री अजनीकडून दक्षिणेची गाडी निघते,
तेव्हा कधीकधी
माझंही वाक्य अर्ध्यावर राहतं.
म्हणलं,

अलमेलूबाई, पावती हरवली असली तरी चालेल.
तुमचं कोणी आलं तरी चालेल.
फक्त आधीच सांगून टाकते:
वाळू थोडी काळी पडली आहे, तिला चण्याचा वास येतो,
आणि त्यात आमची नदी आहे, अर्धा पाव.