प्रवास सुरू आहे

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
तो स्वतःच्या पायांनी चालत आला,
दोन्ही हात छातीशी धरून,
कुणाचं झोपलेलं मूल आणावं तसे.

काय झालं?
म्हणाला, ट्राम.
ट्रामनं उडवलं?
नाही, ट्राम तर कधीच झोपायला गेली.
तिचा रूळ.

लिस्बनमध्ये एवढं पुरतं.
उतार, दमटपणानं बुळबुळीत झालेले पांढरे दगड,
आणि दगडांत बोटभर खाच.
जुन्या ट्रामचं चाक तिच्यात सुखानं बसतं,
भाड्याच्या स्कूटरचं पोरसवदा चाक अडकतं.
चाक थांबतं.
माणूस थांबत नाही.

पडताना हात पुढे करावेत
हे कुणी कुणाला शिकवत नाही.
एक्स-रेत दोन्ही मनगटं मोडलेली,
बांगड्या असतात बरोबर तिथे.

शुक्रवारी आम्ही हनुवट्या शिवतो.
मघाच एक मुलगी कागदी रुमालात
आपला पुढचा दात घेऊन आली होती,
तिच्या मागे उभा राहून आलेला मित्र
ओरखडाही न उठता
बाहेरच्या बाकावर रडत होता.
डॉक्टर फिलोमेना टाके घालताना म्हणतात,
तोंडावर आपटणं पूर्वी नुसतं म्हणायला होतं.

आमच्या छापील फॉर्मवर अजून
'जनावरानं ओढलेलं वाहन' असा रकाना आहे.
स्कूटरला जागा नाही.
मी 'इतर' वर खूण करते. रात्रभर 'इतर'.

नाव एडमिल्सन. गाव रेसिफे, समुद्रापलीकडे.
काम आल्फामातल्या एका खानावळीत, भांडी घासणं.
शेवटची मेट्रो गेली होती.
हेल्मेट?
त्यानं माझ्याकडे असं पाहिलं
जसं मी छत्रचामर विचारलं.

पावणेसहाला, प्लास्टर वाळत असताना,
त्याच्या वस्तूंच्या पारदर्शक पिशवीत
फोन उजळला.
तुमचा प्रवास सुरू आहे.
तीन तास एकोणपन्नास मिनिटं.

म्हणजे तिकडे उतारावर ती आडवी पडलेली,
दिवा मिचकावत,
आणि इथे मिनिटामागे मिनिट
ह्याच्या पगारातून घसरत होतं.
बंद करा ना, तो म्हणाला,
दुखण्यासाठी केला नव्हता एवढा आवाज केला.

फोन त्याचा अंगठा मागत होता.
प्लास्टरमधून बाहेर आलेला,
जांभळा, सुजून भलत्याच कुणाचा झालेला.
मी तो हलकेच धरून काचेवर टेकवला.
माझा बाप बुचाच्या झाडांची साल सोलायचा,
मजुरीच्या वहीवर मुकादम त्याचा अंगठा
असाच धरून उठवायचा.
फोनला ओळख पटेना.
तिसऱ्यांदा पटली.

मग म्हणतो कसा:
स्कूटर नीट उभी केल्याचा फोटो काढा.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.
मी खाटेचं डोकं वर केलं,
उशा सरकवल्या, त्याला ताठ बसवलं,
पांढरे दोन्ही हात पुढे, हँडलच धरल्यासारखे,
आणि काढला फोटो.

धन्यवाद, फोन म्हणाला.
प्रवास संपला.
आजचा प्रवास कसा वाटला?
खाली पाच रिकामे तारे.

तो हसला आणि बरगडीनं त्याला थांबवलं.
ज्याचं पोट हातावर
त्याच्या हातांना मी सहा आठवडे सांगून बसले होते.
सहा आठवडे कुणीतरी घास भरवायला हवं,
शर्टाची बटणं लावायला हवं,
संडासात सोबत जायला हवं, हे सांगायचं होतं.

घरी कोण असतं?
मी विचारलं. फॉर्मवर तोही रकाना आहे.

तो खिडकीकडे पाहत राहिला.
पहिली ट्राम खाली
वळणावर करकरली.
खोलीत आम्ही आठ जण, म्हणाला,
सगळे सहाला कामावर जातात.

मी पेन उचललं.
'इतर' इथेही होतं.