मेर-द-झीन

पुलावरच्या पाटीवर नदीचं नाव फ्रेंच आहे.
हंसांची दलदल, असा अर्थ निघाला.
इथले लोक मेर-द-झीन म्हणतात,
आणि हंस मी अजून एकही पाहिलेला नाही.
फार तर एक बगळा. तोही निघायच्या बेतात.

एम्पोरियात मला अकरा वर्षं झाली.
ज्ञानदा हे नाव इंग्रजीत लिहिलेलं पाहून
लोक अडतात,
रस्त्यातल्या लोखंडी जाळीपाशी वासरू अडतं तसे.
लॅबमध्ये मी डायना आहे.
तेव्हा नदीची बाजू मला ठाऊक आहे.

शनिवारी उजाडताना निघते.
धान्याच्या कोठारांपाशी डांबर संपतं, खडी लागते.
पहिल्या मैलात दात वाजतात, दुसऱ्यात मनगटं,
तिसऱ्यापासून काहीच वाजत नाही,
म्हणजे वाजतं,
पण तोवर ते माझंच झालेलं असतं.

रस्ते गणिताच्या वहीसारखे:
मैलावर एक आडवी रेघ, मैलावर एक उभी.
नावं नाहीत, आकडे आहेत, नाहीतर नुसतं अक्षर.
फक्त टेकड्यांनी ही वही चुरगळून ठेवली आहे,
म्हणून सरळ रेघेवरही
तीनदा धाप लागते.

एप्रिलात इथे माळ पेटवतात, मुद्दाम.
आज काळ्यावर पोपटी उगवलंय,
हिरवं म्हणवत नाही इतकं कोवळं,
आणि मधूनमधून चकमकीचे दगड, धुऊन ठेवल्यासारखे.
वारा दक्षिणेचा. जाताना पाठीत,
सगळा वेग उधारीचा.
वसुली परतताना.

एकतिसाव्या मैलाला टायर फाटला.
दगडही चकमक, झटापटही चकमक;
आपली भाषा कॅन्ससला कधी न येता
बरोबर निघाली.
करंगळीएवढी चीर,
रुईचं पान तोडल्यावर येतो तसा चीक
चाकाभर ओघळत होता.

डार्लीननं शिकवलं होतं:
आतून डॉलरची घडी लाव, वर ट्यूब घाल, घरापर्यंत टिकतं.
डॉलर नव्हता. कार्ड होतं,
आणि कार्डानं ठिगळ लागत नाही.
सीटखालच्या पिशवीच्या तळाशी दहाची नोट निघाली, आपली, चॉकलेटी,
कराडच्या स्टँडवर सरबताच्या सुट्ट्यांत आलेली.
कोपऱ्यात कुणीतरी बॉलपेननं लिहिलेलं:
८४० येणे, बापू.

पंप मारत होते तेव्हा एक पिकअप थांबला.
आधी त्याची धूळ पुढे गेली, मग तो उतरला:
वर्लिन स्टकी, ही कुरणं त्याची.
नोट किती किमतीची, विचारलं.
बारा सेंट असतील.
मग जपून चालव, म्हणाला.

मागे टाक सायकल, सोडतो, असंही म्हणाला.
मी नको म्हटलं.
मजा येते का यात?
खरं सांगायचं तर चढावर नाही.
तो हसला, पुलाकडे बघत म्हणाला,
आमचे आजोबा घरात जर्मन बोलायचे,
नदीचं नाव तेही चुकीचंच घ्यायचे,
पण चूक त्यांची वेगळी होती.

मग नाव विचारलं.
डायना ओठांवर आलंच होतं.
ज्ञानदा, म्हटलं.
त्यानं ते तोंडात घोळवलं,
बी कुठे थुंकावी ते न कळणाऱ्या माणसासारखं.
न्यादा.
मी दुरुस्त केलं नाही.

परतीचे बावीस मैल वाऱ्यानं व्याजासकट घेतले.
एका कुत्र्यानं दोन शेतं सोबत केली.

नोट अजून टायरमध्येच आहे.
बदलायला हवा, डार्लीन रोज सांगते.
चाकाच्या दर फेऱ्याला एका जागी
बारीकशी उचकी लागते.
कोण आठवण काढतंय ते मी विचारत नाही.
बापूच असणार,
नाहीतर त्याचे ८४० ज्याच्याकडे राहिले तो.